एक्सपांडिंग मँड्रेल चालवायचा कशाने? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूरजवळच्या हिंगणा, बुटीबोरी, कळमेश्वर या एमआयडीसी पट्ट्यात ट्रॅक्टरचे गिअर, बुश, पंपाचे भाग, कपलिंग अशी कामं चालतात आणि जॉब (मशीनवर कापायचा भाग) बोअरमधून (त्याच्या आतल्या भोकातून) पकडायची वेळ रोजच येते. त्यासाठी आतून फुगून धरणारा एक्सपांडिंग मँड्रेल लागतो. तो कोणता घ्यायचा यावर चर्चा होते, तो फुगवायचा कशाने यावर फारशी होत नाही. जॉब सुटणं, ओव्हल येणं, फेसची (टोकाच्या सपाट बाजूची) लांबी हलणं या तक्रारी मात्र बहुतेक वेळा तिथूनच निघतात. खालचे बहुतेक हिशेब स्टीलच्या, ५० मि.मी. बोअरच्या जॉबचे आहेत. तुमचे आकडे टाकून तसेच करता येतील.

मँड्रेलच्या आत नेमकं घडतं काय?

टेपर असलेल्या दांड्यावर चिरा दिलेली स्लीव्ह बसते. दोघांपैकी एकाला अक्षाच्या दिशेने सरकवलं की स्लीव्ह फुगते आणि बोअरला आतून धरते. टेपरची बाजू अक्षाशी ८° चा कोन करत असेल तर १ मि.मी. सरकल्यावर व्यास ०.२८ मि.मी. वाढतो, ५° ला साधारण ०.१७.

आता प्रत्यक्ष गरज बघा. ५० मि.मी. एच७ (भोकाच्या अचूकतेचा दर्जा) बोअरचा टॉलरन्स (चालणारा फरक) ०.०२५. जॉब हाताने चढवायला ०.०८ ची फट ठेवली तरी स्लीव्हला फक्त ०.१ मि.मी.च्या आसपास फुगायचं असतं, म्हणजे ८° च्या टेपरवर स्ट्रोक अर्ध्या मि.मी.पेक्षाही कमी. स्पिंडलच्या मागे बसवलेल्या, मँड्रेल चालवणाऱ्या सिलिंडरचा स्ट्रोक मात्र १५–२० मि.मी. या तफावतीची दखल सेटिंगच्या वेळी घेतली नाही की पुढचे अर्धे प्रश्न उभे राहतात.

चालवायचे मार्ग किती, आणि कोणता कुठे?

सगळ्यात साधा म्हणजे घन मँड्रेल: मीटरला साधारण अर्धा मि.मी. टेपर, आर्बर प्रेसवर जॉब दाबून बसवायचा. तपासणीला आणि पाच-पंचवीस जॉबना उत्तम. पण बोअरच्या साइझप्रमाणे जॉब दर वेळी वेगळ्या जागी थांबतो, त्यामुळे लांबी धरायची असेल तिथे निरुपयोगी.

पुढून बोल्ट किंवा नट आवळणं ही दुसरी पद्धत. एम१२ बोल्टला ४० न्यूटन-मीटर टॉर्क दिला तर अक्षाच्या दिशेने १६–१७ किलोन्यूटन ताण मिळतो, म्हणजे हातपद्धत ताकदीत अजिबात कमी नाही. कमी पडतो तो सारखेपणा. साध्या ॲलन कीने एक ऑपरेटर २५ वर थांबतो, दुसरा ६० पर्यंत नेतो. हातमँड्रेलसोबत टॉर्क रेंच घेतलाच पाहिजे, आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावायचं की नाही हेही एकदाच ठरवून टाका, कारण ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला ताण बराच वाढतो.

टेलस्टॉकने टेपर आत दाबणारे मँड्रेलही असतात. ड्रॉबार (स्पिंडलच्या आतून जाणारा खेचदांडा) नको, मागचा सिलिंडर नको, बार फीडरची लाइन मोडावी लागत नाही. लांब स्लीव्ह किंवा सिलिंडर लायनरसारख्या जॉबला टेलस्टॉक लागणारच असेल तर हीच पद्धत आधी तपासा.

उत्पादनाच्या कामात मुख्यत्वे तीन मार्ग उरतात: ड्रॉबारवर हायड्रॉलिक सिलिंडर, ड्रॉबारवर हवेचा सिलिंडर, आणि स्प्रिंगने पकडून हायड्रॉलिकने सोडणारा. यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. पातळ स्लीव्हखाली तेल दाबून फुगवणारा हायड्रोस्टॅटिक मँड्रेल ही चौथी जात. कटिंगच्याच टॉर्कने आपोआप घट्ट होणारा रोलर मँड्रेलही मिळतो. रफिंगला (पहिल्या जाड कटला) स्वस्त आणि मस्त, पण बोअरवर रोलरचे डाग पडतात आणि तो एकाच दिशेने धरतो.

क्लॅम्प केल्यावर जॉब मागे खेचला जातो. हा दोष आहे का?

रचना कोणती त्यावर अवलंबून. स्लीव्ह जागेवर आणि टेपर मागे खेचला जात असेल तर जॉब अक्षाच्या दिशेने जवळजवळ हलत नाही; चढवताना तो स्टॉपला टेकला नसेल तर तसाच अधांतरी पकडला जातो. टेपर पक्का आणि स्लीव्ह मागे खेचली जात असेल तर स्लीव्ह जॉबला सोबत घेऊन फेस स्टॉपवर दाबते. फेस टर्निंग आणि लांबीची कामं दुसऱ्या रचनेवर करा. पहिल्या रचनेत जॉब स्टॉपवर दाबून धरण्याची जबाबदारी ऑपरेटरच्या अंगठ्यावर किंवा रोबोटच्या स्प्रिंग-पुशरवर येते, आणि शिफ्ट संपत आली की अंगठा दमतो.

ताकद किती लागते, कशी काढायची?

उदाहरण घेऊ. बोअर ५०, बाहेरचा व्यास १२०, कटची खोली २ मि.मी., फीड ०.२५. मध्यम स्टीलला कापायचा विशिष्ट रोध २००० न्यूटन प्रति चौ. मि.मी. धरला तर कटिंग फोर्स १००० न्यूटन, आणि ६० मि.मी. त्रिज्येवर टॉर्क ६० न्यूटन-मीटर. खंडित कट, बोथट इन्सर्ट यांसाठी अडीचपट सुरक्षितता धरा: १५०.

पकड २५ मि.मी. त्रिज्येवर आहे, बोअर तेलकट आहे, घर्षणांक ०.१ धरू. तर बोअरवर ६० किलोन्यूटन दाब लागतो. ८° चा टेपर, त्यावरही घर्षणांक ०.१ असेल तर ड्रॉबारच्या ताणाच्या जवळपास चौपट बोअरवर पोचतं. म्हणून ड्रॉबारला १५ किलोन्यूटन. स्लीव्ह वाकवायला काही ताकद आधीच खर्च होते. फट जितकी जास्त तितका खर्च जास्त. १७ धरून चला.

हायड्रॉलिक सिलिंडरचं खेचण्याच्या बाजूचं क्षेत्रफळ १०० चौ. सें.मी. असेल तर हे १७ बारला मिळतं. क्षेत्रफळ नेहमी खेचण्याच्या बाजूचंच घ्या, कॅटलॉगमधला ढकलण्याचा आकडा मोठा असतो आणि तो उचलणारे बरेच आहेत.

मग हवेवर भागेल का? कॉम्प्रेसर तर आहेच.

त्याच १७ किलोन्यूटनसाठी ५ बारला ३४० चौ. सें.मी. क्षेत्रफळ लागतं, २०० मि.मी. बोअरचा सिलिंडरही कमी पडतो, शिवाय रॉडचं क्षेत्रफळ वजा करायचं. एवढं वजन स्पिंडलच्या मागे फिरवणं छोट्या सीएनसीला झेपत नाही. ॲल्युमिनियम, पितळ, फिनिश टर्निंग, हलकं ग्राइंडिंग यासाठी हवा चांगली. स्टीलच्या रफिंगला नाही.

हवेचा दुसरा त्रास म्हणजे दाबाची चढ-उतार. शेजारच्या मशीनवर ब्लो-गन सुरू झाली की लाइन ६ वरून ४.५ वर येते, आणि त्या क्षणी क्लॅम्प केलेल्या जॉबची पकड त्याच प्रमाणात कमी बसते. मशीनजवळ स्वतंत्र छोटी टाकी, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच, हे तिन्ही असल्याशिवाय हवेचा मँड्रेल सुरू करू नका. पावसाळ्यात एफआरएलच्या (हवेचा फिल्टर-रेग्युलेटर-ल्युब्रिकेटर) वाटीतलं पाणी शिफ्टमध्ये किमान एकदा काढावं लागतं. नाहीतर सोलेनॉइडचा स्पूल चिकटतो आणि अनक्लॅम्प कधी होतं, कधी होत नाही.

कट चालू असताना वीज गेली तर जॉब उडेल का?

स्पिंडल थांबायला काही सेकंद घेतो, तेवढा वेळ पकड टिकायला हवी. फिरत्या हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये यासाठी चेक व्हॉल्व्ह असतो. पंप बंद पडला तरी आत अडकलेलं तेल दाब धरून ठेवतं. जुना, सेकंडहँड सिलिंडर घेताना हा व्हॉल्व्ह आहे की काढून टाकलाय ते उघडून बघा. तपासायची रीत सोपी आहे: जॉब क्लॅम्प करा, स्पिंडल थांबलेला, पंप बंद करा, जॉबवर डायल लावून पाच मिनिटांनी हाताने पिरगाळून बघा. सुई हलली तर सील किंवा व्हॉल्व्ह गेला.

खरी निश्चिंती स्प्रिंगच्या मँड्रेलमध्ये. डिस्क स्प्रिंगचा गठ्ठा सतत खेचून धरतो, तेलाचा दाब फक्त सोडायला. होज फुटला तरी जॉब जागेवर. डिस्क एकाच दिशेने एकावर एक ठेवल्या की ताकद वाढते, एकमेकींकडे तोंड करून ठेवल्या की स्ट्रोक वाढतो. गठ्ठा उघडल्यावर रचना जशीच्या तशी परत लावा, आधी फोटो काढा. सोडणाऱ्या सिलिंडरची ताकद गठ्ठ्याच्या पूर्ण दाबलेल्या अवस्थेतल्या ताकदीहून जास्त पाहिजे. तोटा एवढाच की पकड ठरलेली असते, जॉबप्रमाणे कमी-जास्त करता येत नाही. आणि एखादी डिस्क मोडली तर प्रेशर गेजवर काहीच दिसत नाही. म्हणून ड्रॉबारचा ताण लोड सेलने अधूनमधून मोजावा लागतो.

अनक्लॅम्प दाबूनही जॉब सुटत नाही. का?

टेपर अडकला. घर्षणांक ०.१ म्हणजे घर्षणाचा कोन ५.७°. टेपरची बाजू याहून कमी कोनाची असेल तर ताण काढला तरी स्लीव्ह स्वतःहून खाली येत नाही; तिला उलट दिशेने ढकलावंच लागतं. ५° चा मँड्रेल एकमार्गी सिलिंडरवर लावला असेल तर त्याचा दोष नाही, जोडी चुकली आहे. दुमार्गी सिलिंडर लावा आणि ड्रॉबारचं टोक टेपरला दोन्ही दिशांनी पक्कं जोडलेलं आहे ना ते बघा. हातोडीने ठोकून सोडवणं ही सवय दोन-चार आठवड्यांत टेपरवर खड्डे पाडते.

पातळ बुश टर्न केला, काढल्यावर ओव्हल निघतो. दाब कमी करू का?

कमी करा, पण कसा करता त्यावर सगळं आहे.

वरच्याच हिशेबातले ६० किलोन्यूटन ४० मि.मी. लांबीच्या बोअरवर पसरले तर सुमारे ९.५ न्यूटन प्रति चौ. मि.मी. दाब होतो. जॉबची भिंत ५ मि.मी. असेल तर व्यास साधारण ०.०१२ मि.मी. फुगतो. त्या अवस्थेत बाहेरून गोल टर्न केलं, सोडल्यावर जॉब आवळला. फुगणं सगळीकडून सारखं असेल तर व्यास फक्त लहान येतो, ऑफसेटमध्ये भरून काढता येतं. पण स्लीव्हला तीनच मोठे सेगमेंट (चिरांमधले तुकडे) असतील तर फुगवटाही तीन ठिकाणी जास्त, आणि जॉब तीनकोनी निघतो. गंमत अशी की मायक्रोमीटर समोरासमोर मोजतो, त्याला हा तीनकोनीपणा दिसतच नाही. व्ही-ब्लॉकवर फिरवून डायल लावा, मग दिसेल. सहा, आठ सेगमेंटची स्लीव्ह पहिला उपाय.

दुसरा उपाय म्हणजे रफिंगला जास्त, फिनिशला कमी दाब. बऱ्याच सीएनसीवर दोन दाबांचा पर्याय असतो. इथे एक चकवा आहे. समजा रफिंग ३० बारला केलं आणि जॉब पकडलेला असतानाच १० वर आणलं. गेज १० दाखवतो, पण बोअरवरची पकड तेवढीच राहते! चढताना घर्षण विरोध करतं तसं उतरतानाही करतं. ८° च्या टेपरवर ताण मूळच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत खाली आल्याशिवाय स्लीव्ह मागे सरकायला लागत नाही. म्हणून फिनिशआधी पूर्ण अनक्लॅम्प करून कमी दाबाने पुन्हा क्लॅम्प करा. प्रोग्रॅममध्ये स्पिंडल थांबवून, जॉबला टेलस्टॉक किंवा पुशरचा आधार देऊन हे आपोआप करता येतं. सायकल टाइम थोडा वाढतो, रिजेक्शन उतरतं.

हायड्रोस्टॅटिक मँड्रेल इतका महाग, घ्यावा का?

बोअर आयटी६–आयटी७ (एच७ सारखे अचूकतेचे दर्जे) मध्ये येत असेल आणि रनआऊट (फिरताना मध्य हलणं) ०.००५ च्या आत हवा असेल तर घ्या. चिरा नाहीत, त्यामुळे चिप आत जात नाही आणि पकड चौफेर सारखी मिळते. पण स्टीलची स्लीव्ह व्यासाच्या साधारण ०.३ टक्केच फुगते, ५० ला ०.१५ मि.मी. त्यात फट आणि टॉलरन्स दोन्ही बसवायचे. बोअर एच९ (एच७ पेक्षा सैल दर्जा) असेल तर विसरा.

जॉब न चढवता दाब देऊ नका, स्लीव्ह कायमची फुगून बसते. पूर्ण आवळूनही पकड मऊ लागत असेल तर तेलात हवा आहे. ब्लीड स्क्रू वर ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत भरा. आणि तेल स्टीलच्या कितीतरी पट प्रसरण पावतं, म्हणून सकाळी गार असताना हाताच्या स्क्रूने आवळलेला मँड्रेल दुपारी तापल्यावर आतून जास्त दाब देतो. पातळ जॉब बिघडायला तेवढं पुरतं.

नवा मँड्रेल बसवून शून्यात कसा आणायचा?

१. स्पिंडलचा फेस आणि लोकेशन डायलने तपासा. इथेच ०.०१ असेल तर पुढचं सगळं वाया.
२. फ्लँज हलका आवळा, स्लीव्ह न लावता टेपरवर लिव्हर डायल लावा. चार बाजूंच्या ग्रब स्क्रूंनी ०.००५ च्या आत आणा, बोल्ट आडवे-तिडवे क्रमाने टॉर्कने आवळा, पुन्हा बघा.
३. ड्रॉबारची लांबी जुळवा. सिलिंडर पूर्ण पुढे असताना स्लीव्ह पूर्ण मोकळी, आणि जॉब पकडल्यावर सिलिंडरचा खेचण्याकडचा स्ट्रोक अजून किमान २–३ मि.मी. शिल्लक. स्ट्रोक संपल्यामुळे सिलिंडर थांबला तर गेजवर पूर्ण दाब दिसतो आणि जॉब सैल असतो.
४. स्लीव्ह लावा, ग्राइंड केलेली मास्टर रिंग पकडा, फ्लँजजवळ आणि टोकाला रनआऊट घ्या. टोकाला जास्त असेल तर फेसमध्ये घाण किंवा खोच आहे.
५. जॉब नसताना स्लीव्ह जास्त फुगू नये म्हणून मँड्रेलमध्येच स्टॉप हवा. प्रॉक्सिमिटी स्विच अशा जागी लावा की टेपर त्या स्टॉपपर्यंत गेला तर ‘जॉब नाही’ समजून स्पिंडल सुरूच होऊ नये.

स्लीव्ह शॉपमध्येच बनवत असाल तर बाहेरचा व्यास जॉबच्या बोअरच्या साइझला फुगवलेल्या अवस्थेतच ग्राइंड करा. गोल टेपरवरची स्लीव्ह एकाच व्यासाला पूर्ण टेकते. त्याच्या खाली-वर गेलं की संपर्क रेषेपुरता उरतो.

कालपर्यंत धरत होता, आज जॉब घसरतो. सुरुवात कुठून?

टेपरपासून. प्रेशर वाढवण्याआधी स्लीव्ह काढा आणि टेपर बघा. कोरडा पडला असेल, कास्ट आयर्नच्या भुकटीची पेस्ट झाली असेल तर घर्षणांक ०.१ वरून ०.२ वर जातो, आणि त्याच दाबाला बोअरवरची पकड ३० टक्के कमी होते. पुसा, मॉलिब्डेनम डायसल्फाइड पेस्टचा पातळ हात द्या. त्यानंतर शिल्लक स्ट्रोक, मग बोअरचा साइझ, मग स्लीव्हच्या चिरांच्या टोकाला तडा. प्रेशर सगळ्यात शेवटी. कोरड्या टेपरवर प्रेशर वाढवून काम चालवलं, आणि पुढच्या शिफ्टने ग्रीस लावलं, की पातळ जॉब त्याच दिवशी ओव्हल निघायला लागतात.

गिअर हॉबिंगला (गिअरचे दात कापायला) एक्सपांडिंग मँड्रेल पुरेसा आहे का?

मध्य धरायला पुरेसा, टॉर्क धरायला बहुतेक वेळा नाही. वरून फेस क्लॅम्प द्या. मग मँड्रेलचं काम फक्त फट शून्य करायचं.

मे महिन्यात काय बदलतं?

बरंच. पारा ४५ च्या वर, पत्र्याचं शेड. तपासणीची रूम २० अंशांची आणि जॉब १५ अंशांनी जास्त गरम असेल तर ८० मि.मी.चा स्टील बोअर ०.०१४ मि.मी. मोठा लागतो, ॲल्युमिनियमचा ०.०२८. वॉशिंगमधून निघालेला गरम जॉब लगेच गार मँड्रेलवर चढवला तर कट चालू असताना तो आकसतो. पातळ असेल तर आवळून बसतो.

हायड्रॉलिक पॉवरपॅकचं तेल पातळ होतं, फिरत्या सिलिंडरची आतली गळती वाढते. मशीनच्या पुस्तकात ४६ किंवा ६८ ग्रेडची मुभा असेल तर उन्हाळ्याआधी बदला, पॅकचा पंखा आणि कूलर-जाळी साफ करा. तेल ६० अंशांच्या खाली ठेवा.

आणि डेझर्ट कूलर. माणसांना हवाच, पण झोत मशीनच्या तोंडावर नको. शनिवारी रात्री कूलर सुरू राहिला आणि मँड्रेल उघडा असला तर सोमवारी टेपरवर तांबूस डाग दिसतात, ते पॉलिश पेपरने घासले की भूमिती गेली. सुटीआधी स्लीव्ह काढून पुसा, गंजरोधक तेल लावा, झाकून ठेवा.

देखभाल किती दिवसांनी?

स्टीलच्या जॉबला आठवड्यातून एकदा स्लीव्ह काढून साफसफाई. कास्ट आयर्नला रोज. चिरा रबराने भरलेली स्लीव्ह असेल तर हा अवधी बराच वाढतो, मात्र तिच्यावर थिनर किंवा पेट्रोल वापरू नका, रबर सुटतं. हवा मारून चिप काढू नका, ती आत जाते.

स्पेअरमध्ये काय ठेवावं?

प्रत्येक साइझची एक जादा स्लीव्ह, ड्रॉबारचा ॲडॉप्टर, सिलिंडरचा सील किट आणि स्टॉपची रिंग. स्लीव्ह मागवताना टेपरचा अनुक्रमांक द्या. वेगळ्या ग्राइंडिंगची स्लीव्ह बसते, पण टेकत नाही. टेपरवर निळी (संपर्क दाखवणारा निळा रंग) लावून संपर्क ७० टक्क्यांच्या वर येतो का बघा, आणि मगच पुरवठादाराचं बिल पास करा.